माया किती ठेवलीस?

नोगो आजोबांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते कुणाचेच आजोबा नव्हते, आणि त्यांच्या हातात माझा पहिला जॉब होता. जॉब म्हणजे नोकरी नव्हे. लेथवर फिरवून काढलेल्या लोखंडाच्या तुकड्याला आमच्यात जॉब म्हणतात. बीडकडून आयटीआयचा टर्नर होऊन मी भोसरीतल्या एका कंपनीत ट्रेनी म्हणून लागलो होतो आणि इन्स्पेक्शनच्या टेबलामागे हे बसलेले. पांढरा फुल शर्ट, खिशाला दोन पेनं आणि पेनांच्या मधोमध मापायचा व्हर्नियर. त्यांनी माझा जॉब फडक्यानं पुसला, मापला, पुन्हा पुसला, पुन्हा मापला. मला राहवलं नाही. विचारलं, "साहेब, ठीक हाय ना?"

"ठीक आहे, असं माप ड्रॉइंगवर कुठं लिहिलंय ते दाखव."

मी ड्रॉइंग उलगडून खरोखर शोधायला लागलो. दोन मिनिटं त्यांनी मला शोधू दिलं. मग कागद माझ्या हातातून काढून घेतला, "पास" म्हणाले आणि शिक्का मारला. पुढं पंधरा वर्षं मी त्यांच्या टेबलावर जॉब ठेवत राहिलो आणि त्या एका शब्दापलीकडं त्यांनी मला काही दिलं नाही. छान नाही, उत्तम नाही, शाब्बास तर सोडाच. बायको म्हणते, एवढी आशा तुम्ही माझ्या वडिलांकडून कधी ठेवली नाहीत. खरं आहे. सासऱ्यांना मायक्रॉनमधलं काय कळतं?

मला तेव्हापासून एक खोड होती. जॉबची कड कापून झाली की मी तिच्यावरून पॉलिश पेपरचा एक हात फिरवायचो, म्हणजे उचलणाऱ्याच्या बोटाला टोचत नाही. "हे ड्रॉइंगमध्ये नाही," साहेब दर वेळी म्हणायचे. एकदा मी म्हणालो, "बोटं पण ड्रॉइंगमध्ये नसत्यात, साहेब." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं, कडेवरून अंगठा फिरवला आणि पास म्हणाले.

'नोगो' हे नाव नंतरचं, ते आमच्या सोसायटीतल्या पोरांनी ठेवलं. भोक बरोबर मापाचं पडलंय का ते बघायला लोखंडी दांड्यासारखं एक गेज असतं. त्याचं हिरवं टोक, म्हणजे गो, भोकात जायला हवं. लाल टोक, म्हणजे नो-गो, जाता कामा नये. साहेबांनी निवृत्त होताना ही दोन टोकं घरी आणली आणि जगाला लावली. भाजीवाल्याची गवार नो-गो. लिफ्टचं दार गो. शेजारचा मुलगा नवी बायको घेऊन पाया पडायला आला, तेव्हा दोघांकडं नीट बघून साहेब "गो" म्हणाले. त्या मुलाला वाटलं, आपल्याला जायला सांगताहेत. तो बायकोला घेऊन मुकाट्यानं निघाला. काकूंनी, म्हणजे साहेबांच्या बायकोनं, त्यांना जिन्यातून परत आणलं आणि चहा पाजला.

मोशीतला माझा फ्लॅटही त्यांच्याच शब्दावर घेतलेला. मी तेव्हा चाकणच्या कंपनीत लागलो होतो आणि घर बघत होतो. साहेब ए विंगमध्ये आधीच राहायला आले होते. त्यांनी ओळंबा घेऊन तिन्ही विंगा तपासल्या आणि मला फोन केला, "बी विंगचा जिना सरळ आहे. तिथं घे." बिल्डरचा माणूस पोहण्याचा तलाव दाखवत होता, नदीचा व्ह्यू दाखवत होता. मी विचारलं, बी विंग कुठली? तलाव अजून झालेला नाही. जिना मात्र सरळ आहे.

साहेबांच्या घरात मापायची प्रत्येक वस्तू चिठ्ठी लावलेली. तपासल्याची तारीख, पुढच्या तपासणीची तारीख, सही. भिंतीवरचं घड्याळ, स्वयंपाकघरातला वजनकाटा, थर्मामीटर. कुकरच्या शिट्टीलाही चिठ्ठी लावायचा त्यांचा बेत होता, तो काकूंनी हाणून पाडला. एकदा मी त्यांना बीपी दाखवायला घेऊन गेलो. डॉक्टरांनी पट्टा गुंडाळला, हवा भरली, थोडं जास्त आहे म्हणाले. साहेबांनी विचारलं, "या मशिनचं कॅलिब्रेशन कधी झालंय?" डॉक्टर माझ्याकडं बघायला लागले. "म्हणजे जास्त मी आहे की मशिन, हे आपल्या दोघांनाही माहीत नाही," असं म्हणत साहेबांनी बाही खाली केली. गोळी काकूंनी दुसऱ्या दिवसापासून सुरू केली, न विचारता.

काकू शिवणकाम करायच्या. ब्लाउज आणि लहान मुलींचे फ्रॉक. हॉलच्या खिडकीशी त्यांचं मशीन असायचं आणि त्यांच्या तोंडी एक शब्द सारखा यायचा, माया. शिवणीच्या आत जे जादा कापड दुमडून ठेवतात ती माया. पोरीचं अंग वाढतं असतं. पुढच्या वर्षी शिवण उसवून फ्रॉक मोठा करता येतो. साहेबांनी हा शब्द उचलून कधीकाळी थेट कंपनीत नेला होता. लेथवरचा जॉब पुढं ग्राइंडिंगला जातो, तिथं घासून नेमक्या मापाला येतो. म्हणून टर्नरनं त्याच्या अंगावर थोडं जादा लोखंड सोडायचं असतं. सगळी दुनिया त्याला अलाउन्स म्हणते. साहेब विचारायचे, "माया किती ठेवलीस?" नवीन पोरं आधी बावचळायची. मग तीही एकमेकांना तसंच विचारायची.

माया जास्त झाली तर साहेब रागवायचे नाहीत. "जास्तीची घासता येते. रीवर्क," एवढंच म्हणायचे. कमी पडली तर मात्र लाल टॅग आणि लाल डबा. दर सोमवारी सकाळी त्या लाल डब्यापाशी उभं राहून ते शॉपवरच्या सगळ्या कामगारांसमोर टॅग वाचून दाखवायचे: पार्ट, दोष, आणि ऑपरेटरचं नाव, वडिलांच्या नावासकट. माझं नाव तिथं चार वेळा वाचलं गेलंय. गावाकडं माझे वडील शेतात उभे असतील आणि इकडं भोसरीत त्यांचं नाव भंगाराशी घेतलं जातंय, या विचारानं मला जेवण जायचं नाही. ते चारही सोमवार मला आजही आठवतात.

तर अशा माणसाच्या हातात आमच्या सोसायटीनं पोरांची शर्यत दिली.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर आमच्याकडं गाड्यांची शर्यत असते. मोटर नाही, रिमोट नाही. पोरांनी घरी केलेली वीतभर गाडी पार्किंगच्या उतारावरून सोडायची. ज्याची आधी खाली पोचेल तो जिंकला. मामला साधा. पण आमच्या सोसायटीत प्रत्येक मजल्यावर दोन तरी बाप चाकणला नाहीतर भोसरीला गाड्यांचेच भाग बनवायला जातात. पहिल्याच वर्षी एका गाडीला मशिनच्या स्पिंडलचं बेअरिंग निघालं. एकानं अॅल्युमिनियमची अख्खी बॉडी कंपनीच्या सीएनसी मशिनवर काढून आणली होती. उताराच्या तळाशी बाप गुडघ्यांवर बसून भांडत होते आणि पोरं बाजूला भेळ खात होती. त्यातला एक सात वर्षांचा मुलगा वडिलांची पॅन्ट ओढून विचारत होता, "पप्पा, आपली कोणती?"

हे सगळं मी नंतर ऐकलं, कारण त्या दिवशी मी ओव्हरटाइमला गेलो होतो. माझी मुलगी तनू तेव्हा नऊ वर्षांची. तिनं एकटीनं पुठ्ठ्याच्या खोक्याची गाडी केली होती. ती उताराच्या मध्यावर जाऊन थांबली. तनू गेली, गाडी उचलली, घरी आली. बोलले ते बाकीचे. "राव, टर्नरच्या पोरीची गाडी अर्ध्यात थांबती म्हंजे काय? आता खाली पोचायला पुढची सव्वीस जानेवारी उजाडायची." मी हसलो. पण ते मला लागलं, आणि वर्षभर लागून राहिलं. पुढच्या वेळी तनूनं जिंकायलाच हवं, हे मी तिला न विचारता मनाशी ठरवून टाकलं.

पुढच्या वर्षी डिसेंबरातच आमचे चेअरमन अण्णा साहेबांकडं आले. अण्णा मूळचे मोशीचे, सोसायटीची जमीन त्यांच्या घरची. ते म्हणाले, "सायेब, औंदा नियम तुमी करा. आमाला त्यातलं काय कळत न्हाई. पर पुन्यांदा भांडान झालं तर मी त्या उतारावर म्हस बांधीन."

तीन दिवसांत नोटीस बोर्डावर कागद लागला. उजव्या कोपऱ्यात 'रिव्हिजन शून्य'. वजन पाव किलोच्या आत, काकूंच्या काट्यावर. रुंदी, साहेबांनी प्लायवूडची कमान केली होती तिच्यातून जाईल एवढी. चाकं म्हणून घरात सापडेल ती कुठलीही गोल वस्तू. बेअरिंग नाही. आणि सगळ्यात शेवटी: गाडीला बापाचा हात लागता कामा नये.

संध्याकाळपर्यंत ग्रुपवर शंका सुरू झाल्या. आईचा हात चालेल का? रिव्हिजन एक. परभणीहून मामा आलाय, त्याचा? रिव्हिजन दोन, कुणाही मोठ्या माणसाचा. मोठं म्हणजे कितवीपासून? रिव्हिजन तीन. आमच्या घरात बेअरिंगच सापडलं तर? साहेबांनी त्या गृहस्थाला बोलावून विचारलं, कुठं सापडलं? तो म्हणाला, कंपनीच्या डब्यात, पण डबा घरी आहे. रिव्हिजन चार. सी विंगचे एक जण स्वतःहून येऊन सांगून गेले, "साहेब, गाडी पोरानंच केली. मी फक्त धरली होती."

"किती वेळ?"

"रविवारभर."

पाचव्या रिव्हिजनला साहेब पहिल्यांदा दमलेले दिसले. बापाचा हात मापायचा कशानं, हाच खरा घोळ होता. आयुष्यभर त्यांनी ज्याला गेज नाही अशा गोष्टीवर सही केली नव्हती. मी समोर बसलो होतो. काकू मशीन चालवता चालवता म्हणाल्या, "अहो, बापांनाच काय विचारत बसलाय? ज्यांची शर्यत आहे त्यांना विचारा की एकदा."

रविवारी क्लब हाऊसमध्ये नऊ पोरं सतरंजीवर आणि साहेब खुर्चीत. मी पाणी द्यायच्या निमित्तानं दाराशी. साहेबांनी विचारलं, गाडीत मोठं माणूस शिरलंय हे ओळखायचं कसं? एक मुलगा म्हणाला, आईची शपथ घ्यायची. साहेब म्हणाले, शपथेला माप नाही. मग तनू उठली. "आजोबा, ज्याची गाडी त्यानं सगळ्यांसमोर खोलायची. सगळे भाग वेगळे करून दाखवायचे आणि परत जोडायची. आपण केलेली असली की आपल्याला आपलं सगळं ओळखू येतं."

साहेबांनी वहीत लिहून घेतलं आणि पेनाला टोपण लावलं. रिव्हिजन सहा. त्याच्याखाली 'सुचवणार: तनू, बी विंग'. नियमाला धरून आणखी तीन ओळी होत्या. खोलल्यावर खोट निघाली तर नो-गो, पण शर्यत सुरू होईपर्यंत रीवर्कला मुभा. माल कुणाचाही चालेल, हात स्वतःचा. आणि मोठ्या माणसांनी पार्किंगच्या पिवळ्या रेषेच्या मागं उभं राहायचं. जिन्यात गाठ पडली तेव्हा साहेब मला म्हणाले, "तुझ्या मुलीनं गेज बनवलं." यात छान हा शब्द नव्हता, पण मी तो चार मजले चढेपर्यंत ऐकत होतो.

आता मी जे केलं ते सांगतो. तनूची गाडी म्हणजे साबणाची डबी, चाकांना पाण्याच्या बाटल्यांची झाकणं आणि दोन ॲक्सल, सायकलच्या स्पोकचे तुकडे. पुढचा तुकडा किंचित वाकडा होता. त्यामुळं गाडी डावीकडं ओढायची. चार दिवस ती गाडी हॉलमधून सोफ्याखाली जाताना मी बघत होतो. चार दिवस माझी बोटं चहाच्या कपाभोवती आपोआप फिरत होती. पाचव्या दिवशी तनू झोपल्यावर मी तो तुकडा काढून खिशात टाकला आणि नाइट शिफ्टला गेलो. लेथवर चार मिनिटांचं काम. सरळ, गुळगुळीत, झाकणाच्या भोकात अलगद फिरणारा ॲक्सल. सवयीनं कडेवर पॉलिश पेपरचा एक हात फिरवला. जुना तुकडा कंपनीच्या भंगारात. दुसऱ्या दिवशी सकाळी ती शाळेत गेल्यावर गाडीत नवा बसवून तनूनं गुंडाळलेली लाल टेप टोकांवर जशीच्या तशी गुंडाळून ठेवली.

संध्याकाळी तनू ओरडत आली. "पप्पा, बघा ना, आपोआप सरळ जायला लागली."

"चालून चालून मोकळी झाली असंल," मी म्हणालो.

तिनं सुचवलेला नियम मी विसरलो होतो असं नाही. खोलून जोडताना वाकडा की सरळ हे कोण बघतंय, असं मला वाटलं. स्वतःच्या पोरीला मी इतकं कमी ओळखत होतो.

सव्वीस जानेवारीला उताराच्या डोक्याशी साहेबांचं टेबल. पांढरा कपडा, काटा, प्लायवूडची कमान, लाल टॅगची गड्डी. टॅग अजूनही कंपनीतले, छापील रकान्यांचे. गेल्या वर्षीच्या अॅल्युमिनियमवाल्यांच्या मुलानं गाडी खोलली, सहा स्क्रू ओळीनं मांडले आणि त्यांच्याकडं बघत बसला. नो-गो, रीवर्क. त्याचे वडील रेषेमागून हातवारे करत होते. साहेबांनी त्यांना पाठ करून उभं राहायला सांगितलं. मग तनूचा नंबर आला. तिनं झाकणं काढली, मागचा ॲक्सल काढला, कपड्यावर ठेवला. पुढच्याची टेप सोडवली. आणि थांबली.

"आजोबा, हा माझा नाही."

"नीट बघ," साहेब म्हणाले.

"माझा वाकडा होता. हा सरळ आहे."

साहेबांनी ॲक्सल घेतला. व्हर्नियरला हात लावला नाही. फडक्यानं पुसला आणि कडेवरून अंगठा फिरवला. मग मान वर करून पिवळ्या रेषेकडं पाहिलं, सरळ माझ्याकडं. माझ्या हातचे हजारो जॉब त्या अंगठ्याखालून गेले होते. माझ्यापुढं तो जुना सोमवार उभा राहिला. आता नाव येणार, वडिलांच्या नावासकट, आणि ते तनू ऐकणार.

"नो-गो," साहेब म्हणाले.

अण्णांनी विचारलं, "कुनाचं काम हाय, सायेब? नाव वाचा की."

"टॅग मी लिहितोय. वाचायला आज सोमवार नाही." त्यांनी वाकून टॅग भरला, तारेनं ॲक्सलला बांधला आणि दोन पेनांच्या मधे, व्हर्नियरशेजारी खिशात टाकला. तनूला म्हणाले, "रीवर्क. अर्धा तास आहे."

आजवर त्यांनी न वाचलेला हा एकच टॅग. त्यानं मी सुटायला हवं होतं. पण तनू माझ्याकडं वळून बघत होती आणि तिला टॅग वाचायची गरज नव्हती. मी रेषा ओलांडून पुढं झालो. तिनं तळहात वर केला. "पप्पा, रेषेच्या मागं." मग हळूच विचारलं, "माझा जुना कुठंय?"

"कंपनीत. भंगारात," मी म्हणालो. सगळ्यांनी ऐकलं. साहेबांनी जे वाचलं नाही ते मीच वाचून दाखवलं.

तनू रडली नाही. गेटबाहेर शकीलभाईंचं टू-व्हीलरचं आणि सायकलचं गॅरेज आहे, तिकडं पळत गेली. शकीलभाई तिच्या मागोमाग गेटपर्यंत आले, एका हातात स्पोक, एका हातात पक्कड. "ये ले बेटा, तार. कापायचं तूच. मी हात लावला तर आजोबा माझ्या दुकानालाच टॅग बांधतील."

ती पायरीवर बसली. पक्कड तिला दोन्ही हातांनी दाबावी लागत होती. तार वाकडी तुटली. पहिली फुकट गेली, दुसरी आणली. टोक झाकणात जाईना म्हणून ती ते सिमेंटच्या पायरीवर घासत होती. मी एका मिनिटात केलं असतं. मी हात पाठीमागं बांधले. अर्ध्या तासाची शिफ्ट एवढी मोठी असते हे मला पहिल्यांदा कळलं. थोड्या वेळानं साहेब टेबल सोडून माझ्याशेजारी येऊन उभे राहिले.

"साहेब, तुम्ही रेषेच्या मागं?"

"मीही मोठाच आहे."

तेवढ्यात तनूनं बोट तोंडात घातलं. "टोचलं तिला," मी म्हणालो.

"आता ती कड घासेल," साहेब म्हणाले. आणि तिनं खरंच घासली, पायरीवर, हळूहळू, गोल फिरवत.

शर्यत जिंकली अण्णांची नात, नारळाच्या करवंटीच्या गाडीनं. बापमंडळींचे चेहरे बघण्यासारखे झाले होते. तनूची गाडी सुटली, पहिल्यासारखी डावीकडं गेली, कठड्याला घासली, हेलकावली आणि पाचवी आली. पण खालपर्यंत आली. तनूनं ती उचलून चाकं फिरवून पाहिली आणि साहेबांना नेऊन दाखवली. साहेब म्हणाले, "पास." तिचं तोंड एवढं फुललं की मला तिचा हेवा वाटला. माझ्या पोरीला पहिल्याच जॉबला जे मिळालं त्यात ती खूश होती, आणि मी त्याच शब्दावर पंधरा वर्षं रुसून बसलो होतो.

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी गाडी घेऊन आली, माझ्यासमोर ठेवली. "पप्पा, ही डावीकडं का ओढते ते सांगा. करू नका. सांगा." मी दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि सांगितलं.

त्यानंतरही साहेबांनी त्या ॲक्सलचा विषय कधी काढला नाही. मीही नाही. शर्यत दर वर्षी होत राहिली, नियम अकराव्या रिव्हिजनपर्यंत गेले. मागच्या वर्षी साहेब आणि काकू मुलीकडं साताऱ्याला राहायला गेले. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी एक पत्र्याची पेटी माझ्याकडं आणून दिली. आत गेजं, मायक्रोमीटर, जुना व्हर्नियर. "भंगारात घालू नकोस," म्हणाले. मला काहीतरी बोलायचं होतं, पण ते आमच्या दाराची चौकट ओळंब्यात आहे का ते बघत होते. साहेब मला फार आवडायचे. हे मी त्यांच्या तोंडावर कधी बोललो नाही, इथं लिहून टाकतो.

पेटी मी उघडली नव्हती. ती गेल्या रविवारी उघडली, कारण तनूला व्हर्नियर हवा होता. ती आता सोळा वर्षांची आहे. मेकॅनिकल डिप्लोमाला नंबर लागलाय, पुढच्या आठवड्यात हॉस्टेलला जाणार. सकाळपासून मी तिच्या ट्रंकेला नवी कडी बसवत होतो. तिच्या ताट-वाटीवर नाव कोरून झालं होतं, बादलीच्या कडीला रबर लावून झालं होतं, वॉर्डनबाईंना दोनदा फोन करून झाला होता. हे सगळं कुणी सांगितलं होतं असं नाही.

व्हर्नियरच्या खाली, तेलकट फडक्यात गुंडाळलेला, माझा ॲक्सल होता. तारेनं बांधलेला लाल टॅग. तारीख त्या सव्वीस जानेवारीची. साहेबांचं ते ठाशीव अक्षर.

पार्ट: ॲक्सल. ऑपरेटर: माझं नाव, वडिलांच्या नावासकट. साईज: ओके. फिनिश: पास. तिथंही पासच. दोष: माया जास्त. निर्णय: रीवर्क.

मी दोनदा वाचलं. मग डोळ्यांचं काही खरं नाही असं वाटून टॅग तनूच्या हातात दिला. तिनं तो सावकाश वाचला, ॲक्सलच्या कडेवरून अंगठा फिरवला. टॅगच्या तळाशी एक रकाना रिकामा होता, 'रीवर्कनंतर तपासणी', आणि पुढं सहीची जागा. तनूनं टेबलावरचं पेन उचललं, टोपण काढलं. मग तिची नजर ट्रंकेच्या नव्या कडीकडं गेली, ताटावरच्या नावाकडं गेली, बादलीकडं गेली.

तिनं पेनाला टोपण लावलं.

"पेंडिंग," म्हणाली, आणि व्हर्नियर घेऊन आत गेली.